अडुसष्ट किलो

२८ नोव्हेंबर

मेहुणे,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे, चुकून राहिलं असं समजू नका.

मला तुमच्या मृत्यूचा दाखला हवा आहे. तुम्ही हयात असल्यामुळे तो मिळणार नाही हे मला कळतं. म्हणून हे पत्र. सोळा वर्षांत आपल्यात जे कागद गेले-आले ते वकिलाच्या पाकिटातून, तिच्या पासपोर्टाच्या संमतीपुरते. फोन करता आला असता, पण फोनवर समोरचा मध्ये बोलतो. पत्रात बोलता येत नाही.

तुमची मुलगी यंदा बारावीला आहे. घरात तिला गुंज म्हणतो, सोनाराच्या तराजूतली ती लाल बी. माझी बहीण गेल्यावर मी तिला घेऊन आलो तेव्हा ती चौदा महिन्यांची आणि सात किलो नऊशे ग्रॅमची होती, त्यावरून. आता तिला शिकायला अमेरिकेत जायचं आहे. जन्म तुमच्या तिकडचा, म्हणून नागरिक तिकडची, आणि शाळा पहिलीपासून इथली. अशा मुलीचं सगळंच अर्धं-अर्धं असतं. आर्थिक मदतीच्या बाबतीत ती त्यांच्या घरची, पण तिची शाळा, तिचे गुण, तिचे शिक्षक, यांतलं तिथे कुणाला काही माहीत नाही. ते सगळं समजावून द्यावं लागतं. आमच्या शाळेतून आजवर कुणी असा अर्ज केलेला नाही. शाळेने भरायचा फॉर्म बघून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "हे आमच्याच्याने व्हायचं नाही, तुम्हीच वाचा आणि सांगा कुठे काय लिहू ते."

मी नववीपर्यंत शिकलेला वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. शब्दकोश घेऊन बसलो आणि तीन आठवड्यांत सगळे नियम वाचून काढले. शंभरपैकी गुण आहेत तसेच पाठवा, त्यांच्या श्रेणीत बसवायला जाऊ नका, फक्त वर्गात मुलं किती आणि सगळ्यात वरचा गुण किती ते शेजारी लिहा, हे बाईंना मी सांगितलं. नऊ विद्यापीठांत अर्ज आहेत. त्यांतली सात अशी, की शंभरातल्या पाच-सहांनाच घेतात.

अडचण एकाच ठिकाणी आली. मदतीच्या फॉर्मवर प्रश्न आहे, आई-वडील दोघंही वारले आहेत का. तिने 'हो'वर खूण केली. ती चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं, तेव्हा मी दोघंही गेले असं सांगितलं. बहिणीचं खरंच होतं. तुमच्या बाबतीत मला ते खरंच वाटत होतं.

आता दोन्ही दाखले मागितले आहेत. बहिणीचा माझ्याजवळ आहे. ती रोज विचारते, "मामा, बाबांचा सापडला का?" मी म्हणतो, कपाट बघतो. कपाट दीड हात रुंद आहे. किती दिवस बघणार?

काही मार्ग असेल तर कळवा. तिला काही कळता कामा नये, एवढी एकच अट.

काटेवाला

---

११ डिसेंबर

दादा,

तुम्हाला दादा म्हणायचा हक्क ती गेली तेव्हाच संपला असेल. पण मला दुसरं काही म्हणता येत नाही. तिच्या तोंडून ऐकून हेच शिकलो.

पत्र आलं तेव्हा मी चष्म्याच्या काचा घासत होतो. अजून तेच काम करतो. पाकिटावरचं अक्षर बघून यंत्र बंद केलं आणि दुपारपर्यंत पाकीट खिशातच ठेवलं. मला वाटलं, गुंजेला काही झालं.

मार्ग सरळ आहे. मी मेलेलो नाही, तेव्हा हयात वडिलांनी भरायचा फॉर्म मी भरतो. मूल ज्या पालकाजवळ राहत नाही त्याच्यासाठी वेगळा फॉर्म असतो, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तो भरला होता. माझ्या मिळकतीत लपवण्यासारखं काही नाही आणि दाखवण्यासारखंही नाही. तिला मदत मिळेल.

पण माझीही एक अट आहे. अट म्हणू नका, विनंती म्हणा. आधी तिला सांगा. तुमच्या तोंडून सांगा. कागदावरून कळायला नको.

मी तिला सहा महिन्यांसाठी म्हणून तुमच्याकडे दिली होती. तेव्हा तिचा चेहरा आईसारखा होता आणि त्या घरात तो चेहरा मला सोसत नव्हता. सहा महिन्यांची चार वर्षं झाली, हा दोष माझा, तो मी कुणाच्या माथी मारत नाही. पण मी आलो होतो, दादा. हे तिला कुणी सांगितलेलं नसणार.

ती पाच वर्षांची होती. दुपारचे साडेतीन वाजले असतील. तुमच्या दुकानाचा दरवाजा हिरवा होता. तुम्ही मागच्या खोलीत होतात. ती शाळेतून आली, दप्तर काउंटरखाली सरकवलं आणि मला म्हणाली, "काका, वजन करायचंय? उभे राहा इथे. हलू नका हं. हललात तर काटा खोटं बोलतो." मी उभा राहिलो. हललो नाही. तिने वाकून आकडा वाचला, "अडुसष्ट." तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात, हाताला तेल होतं. मला बाजूला घेऊन म्हणालात, "तिला सांगितलंय तुम्ही नाही म्हणून. आता पोरीला घाबरवायचं असेल तर घाबरवा." मी निघालो. तिने मागून हाक मारली, "काका, चिठ्ठी राहिली." वजनाची चिठ्ठी. ती मी घेतली. अजून आहे.

तिला सांगा आणि मला कळवा. मी त्याच दिवशी फॉर्म भरीन.

---

२२ डिसेंबर

मेहुणे,

पत्र मिळालं. त्यात दोन चुका आहेत. दरवाजा हिरवा नव्हता, निळा होता, अजून निळाच आहे. आणि काटा अडुसष्ट किलो चारशे दाखवत होता. तुम्ही पायांतलं काढलं नव्हतं, चारशे ग्रॅम त्याचे. वजा करायला मीच तिला शिकवलं होतं. बाकी तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे.

मी जा म्हटलं, हे खरं. पण तुम्ही गेलात.

तिला सांगणार नाही. आत्ता नाही. तुम्हाला हेका वाटेल, म्हणून कारण लिहितो. विद्यापीठांना एक निबंध लागतो, मुलाने स्वतःबद्दल लिहिलेला. त्या सात ठिकाणी गुण सगळ्यांचेच चांगले असतात, निवड निबंधावर होते असं जाणकार म्हणतात. तिचा लिहून झाला आहे. दोन महिने मला दाखवत नव्हती. परवा तिने तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेली.

पहिलं वाक्य असं आहे, 'माझे वडील सहा तुकड्यांचे होते: वीस, वीस, वीस, पाच, दोन आणि एक.'

ती सात वर्षांची असताना एकदा मला म्हणाली, "मामा, माझे बाबा किती किलोचे होते?" दुसरी मुलं वडील कसे दिसायचे ते विचारतात. ही दुकानात वाढलेली, हिला वजन हवं होतं. मी म्हटलं, अडुसष्ट. तिला तेवढ्याने समाधान नव्हतं. मग मी मोठ्या वजनकाट्यावर वीसची तीन लोखंडी वजनं ठेवली, त्यांवर पाचचं, दोनचं आणि एकचं. म्हटलं, हे बघ, एवढे. तिने हात लावून बघितला. ढकलून बघितलं, हलेनात. मग त्यांना टेकून बसली आणि गृहपाठ केला. पुढे वर्षभर अधूनमधून म्हणायची, "मामा, बाबा लावा ना." मी लावायचो. गिऱ्हाइकाला थांबवून लावायचो.

हे सगळं त्या निबंधात आहे. मी इंग्रजी निबंधांचा जाणकार नाही, पण खरा जिन्नस मला ओळखता येतो. मी एवढंच सुचवलं की 'तुकडे' नको, 'वजनं' लिही. ती म्हणाली, "मामा, याला हात लावायचा नाही." नाही लावला.

आता मला सांगा, अर्ज जायला दहा दिवस असताना मी तिला म्हणू, की ते वडील चष्म्याच्या काचा घासतात? ती हा निबंध पाठवील का? तिला मी वाढवलं आहे, ती पाठवणार नाही.

तेव्हा असं करा. दाखला मिळेपर्यंत 'वडिलांची माहिती उपलब्ध नाही' असं लिही म्हणून मी तिला सांगितलं, तिने ती खूण बदलली. तुमचा पत्ता त्यांच्या यादीत मी स्वतः भरला आहे. तुम्हाला स्वतंत्र प्रवेश मिळेल. वडिलांनी भरलेली माहिती मुलाला दिसत नाही, असं नियमांत स्वच्छ लिहिलं आहे. मी ते तीन वेळा वाचलं. निकाल मार्चअखेर आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी स्वतः तिला सगळं सांगीन. हा माझा शब्द. आजवर माझ्या दुरुस्तीवर शिक्का मारताना वजनमापांच्या निरीक्षकाने पुन्हा तोलून पाहिलेलं नाही. तुम्हीही पाहू नका.

काटेवाला

---

६ जानेवारी

दादा,

भरला. पाच ठिकाणी लागत होता, पाचही ठिकाणी पोचल्याची खात्री केली.

मला हे पटलेलं नाही, हे लिहून ठेवतो. तरी भरला, कारण न भरता नुकसान तिचंच होतं, आणि आजवर तिच्यासाठी मी एवढंही केलेलं नव्हतं.

फॉर्मवर एक प्रश्न होता, मुलाला शेवटचं कधी भेटलात. ती तारीख मला वजनाच्या चिठ्ठीवर मिळाली.

ती वजनं रचायची गोष्ट मी माझ्या आताच्या बायकोला वाचून दाखवायला घेतली. पुरी करता आली नाही, पुढचं तिने वाचलं. मी आता चौऱ्याहत्तर किलोंचा आहे. कळवायचं कारण काही नाही.

---

१९ फेब्रुवारी

मेहुणे,

तिला कळलं.

वडिलांनी भरलेलं मुलाला दिसत नाही, हे मी तीन वेळा वाचलं ते बरोबरच होतं. आकडे दिसत नाहीत. पण कुठले कागद पोचले आणि कुठले नाहीत, याची यादी मुलाच्या खात्यावर असते. ती यादी मी वाचली नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की काटा बघताना पारडं बघायचं, दांडी बघायची, आणि काटा कशावर ठेवलाय ती जागाही बघायची. मी जागा बघितली नाही.

मंगळवारी दुपारी ती दुकानात आली. मी औषधवाल्यांचा नाजूक काटा उघडून बसलो होतो, हातात चिमटा होता. तिने फोन माझ्यासमोर धरला.

"मामा, हे वाचा."

यादी होती. शाळेचा फॉर्म, मिळाला. आईच्या मृत्यूचा दाखला, मिळाला. वडिलांचा फॉर्म, मिळाला, ६ जानेवारी. प्रत्येकापुढे हिरवी खूण.

"वडिलांचा फॉर्म कुणी भरला?"

मी म्हटलं, "मशीनची चूक असेल."

"तुम्हीच म्हणता ना, मशीन चुकत नाही, हाताळणारा चुकतो."

मी चिमटा खाली ठेवला. ती उभीच होती. मग तिने हळूच विचारलं, "ते आहेत?"

"आहेत."

"कधीपासून?"

मेहुणे, काय सांगू याला? मी म्हटलं, "पहिल्यापासून."

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. मला वाटत होतं चढवावा. ती काउंटरच्या पलीकडच्या स्टुलावर बसली, जिथे गिऱ्हाइकं बसतात. एवढ्या वर्षांत ती कधी त्या बाजूला बसली नव्हती. म्हणाली, "आणि तुम्ही निबंध वाचलात. वाचून म्हणालात, खरा जिन्नस आहे." मी चिमटा पुन्हा उचलला. "म्हणालात की नाही?" म्हटलं, म्हणालो.

"पत्ता द्या."

दिला. संध्याकाळी घरी गेलो तर तिचे कपडे आणि पुस्तकं नव्हती. ती मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली आहे, परीक्षा होईपर्यंत तिथेच राहील असं बाईंनी येऊन सांगितलं. बाई दारातच उभ्या होत्या, आत या म्हटलं तर आल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "तुमच्याइतका चोख माणूस मी पाहिला नाही हो." टोमणा होता की काय, कळलं नाही. बहुतेक नसावा. त्याने जास्त लागलं.

तुमच्या विनंतीप्रमाणे झालं, फक्त उशिरा, आणि कागदावरूनच झालं. ती तुम्हाला लिहील. लिहिलं तर उत्तर द्या, लगेच द्या. दुकानातल्या त्या दुपारबद्दल लिहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आता काही लपवायला सांगणार नाही.

घरात आम्ही दोघंच होतो. भाताचं माप अजून दोघांचंच पडतं.

काटेवाला

---

१२ एप्रिल

मामा,

बाईंच्या घरापासून दुकान चालत वीस मिनिटांवर आहे. तरी हे टपालाने पाठवते आहे. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही, असं तुम्हीच म्हणता.

नऊ ठिकाणचे निकाल आले. नऊही नकार आहेत. बाई तुम्हाला सांगणार होत्या, मी नको म्हटलं. कारण मीच सांगायला हवं.

फेब्रुवारीत मी नऊही ठिकाणी लिहून कळवलं, की माझा निबंध खरा नाही, माझे वडील हयात आहेत, लिहिताना मला ते माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "कशाला? तू कुठे खोटं बोललीस?" मी त्यांना सांगितलं, मामांचा नियम आहे. काट्यात फरक सापडला की त्याच दिवशी दुकानदाराला जाऊन सांगायचं. फरक आपल्या हातून झाला असो की नसो, आणि गिऱ्हाईक तुटलं तरी. लहानपणी तुमच्याबरोबर मी अशी किती दुकानं फिरले आहे.

सातांनी फक्त पोचल्याचं कळवलं. एकाने तेही नाही. एका ठिकाणच्या बाईंनी स्वतः लिहिलं, की तुझी अडचण समजते, हवं तर सात दिवसांत दुसरा निबंध पाठव. सात दिवस बसले मामा. मी कोण हे लिहायचं होतं. एक ओळ झाली नाही.

तुम्ही हिशोब करत बसाल म्हणून लिहिते. नकार त्यामुळे आले की तसेही आले असते, हे कधीच कळणार नाही. ते कुणालाच कारण सांगत नाहीत. शंभरातले पाच-सहाच घेतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुम्हाला यातलं तुमच्या वाट्याचं वजन हवं असेल, पण ते कुठल्याही काट्यावर यायचं नाही.

तुम्ही दिलेल्या पत्त्यावर त्यांना मी लिहिलं होतं. त्यांचं चार पानी उत्तर आलं. त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरत नाही, म्हणून 'ते'. त्यांनी त्या दुपारबद्दल लिहिलं, वजनाच्या चिठ्ठीचा फोटोही पाठवला. चिठ्ठीवर ४०० खोडून शेजारी वजाबाकी केली आहे. अक्षर माझं आहे. पाच वर्षांच्या मुलीचं अक्षर, आठ उलटा काढलेला. मी त्यांना काका म्हटलं, हलू नका म्हटलं. मला यातलं काहीच आठवत नाही. खूप आठवून बघितलं. मी तिथे रोज कुणाला ना कुणाला उभं करायचे. त्यांतला कुठला माणूस तो, कसं आठवणार?

मग अडुसष्टचा उलगडा झाला. मला वाटायचं आईने तुम्हाला सांगितलं असेल. तो आकडा मीच वाचला होता, आणि दोन वर्षांनी तुम्ही तो मलाच परत दिलात.

मी बरेच दिवस यावर विचार करते आहे. तुम्ही सत्तर सांगू शकला असतात. गोल आकडा, वजनंही कमी लागली असती, वीसची तीन आणि एक दहाचं. मला काय कळणार होतं? तरी तुम्ही अडुसष्टच सांगितलंत. एवढं सगळं खोटं सांगायला तुमचा हात कचरला नाही आणि दोन किलोंचा फरक मात्र तुमच्याने करवला नाही. याच्यामुळे मला तुमचा धड राग येत नाही, आणि याचाच सगळ्यात जास्त येतो. सहावीत असताना ताप आला होता तेव्हा मी म्हटलं होतं, मामा, बाबा लावा. तुम्ही दुकानातून ती सगळी वजनं हातगाडीवर घालून घरी आणलीत, माझ्या खाटेजवळ रचलीत. ते आणताना तुमच्या मनात काय चाललं होतं, ते मला विचारायचं होतं. आता नको. नका सांगू.

मी वीस मेला जाते आहे. त्यांच्या गावात एक साधं कॉलेज आहे, नाव नोंदवलं की कुणालाही घेतात, निबंध लागत नाही. मी तिथली नागरिक आहे, तिथे माझे वडील राहतात, हे दोन्ही आता कागदावर खरं आहे. राहायचं जमेल का माहीत नाही. त्यांनी लिहिलंय, खोली तयार आहे, पण तुला हवी तशी लाव.

निरोप द्यायला येऊ नका. तुम्ही आलात तर मी जाणार नाही, आणि मला जायचं आहे.

एक काम आहे. विमानात बॅग तेवीस किलोंच्या वर चालत नाही. बाईंच्या घरचा काटा अंदाजपंचे आहे, दर वेळी वेगळं दाखवतो. शनिवारी चार वाजता मी बॅग घेऊन दुकानात येईन. गिऱ्हाईक म्हणून येईन, पलीकडच्या बाजूने. तुम्ही ती काट्यावर ठेवा. माझ्याशी काही बोलू नका, माफी मागू नका, चहा मागवू नका.

फक्त आकडा सांगा. तो बरोबर असेल, एवढं मला माहीत आहे.

गुंज